दवाखान्यातला ऑस्कर

आमच्या दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात एक रहिवासी असा आहे, की ज्याने आजवर एकदाही ‘डॉक्टर, अजून किती वेळ लागेल?’ असे विचारलेले नाही. मात्र सकाळी आठ वाजता कुलूप उघडून मी आत पाऊल टाकले, की तो काचेशी येऊन उभा राहतो, शेपटी हलवतो, आणि मी हात धुऊन त्याच्या जेवणाचा डबा उघडेपर्यंत माझ्यावरची नजर काढत नाही. त्याचे नाव ऑस्कर. हे आम्ही ठेवलेले नाव नव्हे. त्याच्या जातीचेच व्यवहारातले नाव ऑस्कर आहे. मुलांनी पुष्कळ नावे सुचवली, पण शेवटी हेच टिकले.

स्मरणिकेसाठी ‘वैद्यकीय व्यवसायाबाहेरचे काहीतरी’ लिहावे, असा संपादकांचा आग्रह होता. त्या आग्रहाला मान देऊन मी या माशाविषयी लिहिण्याचे ठरवले. परंतु लिहावयास बसल्यावर लक्षात आले, की या माशाने मला जे शिकवले त्यात व्यवसायाबाहेरचे फारच थोडे आहे. माझ्या हातून त्याच्या बाबतीत झालेली चूक ही एका डॉक्टराची चूक होती, आणि म्हणूनच ती येथे, आपल्या माणसांत, सांगाविशी वाटते.

पाहुण्याचे आगमन

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रतीक्षाकक्षात लहान मुले रडतात, कंटाळतात, म्हणून एक मत्स्यपेटी ठेवावी असे ठरले. त्याला थोडाफार शास्त्रीय आधारही होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आरन कॅचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दंतशस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांना मत्स्यपेटीसमोर बसवून पाहिले होते आणि ते रुग्ण अधिक शांत राहिल्याचे नोंदवले होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी काचेची टाकी आली. रंगीत खडे आले, हवेचा पंप आला, आणि दहा-बारा चिमुकले मासे आले. त्यांच्यासोबतच दुकानदाराने दोन इंचांचा एक काळसर, नारिंगी नक्षीचा, मोठ्या डोळ्यांचा मासा दिला. ‘थोडा मोठा होतो,’ एवढेच तो म्हणाला.

‘थोडा’ या शब्दाचा अर्थ पुढे कळला. ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याचा शिकारी मासा. पूर्ण वाढ झाल्यावर तो फूटभर लांब होतो आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. त्याचा जबडा पुढे फेकला जातो, तोंडाची पोकळी क्षणात रुंदावते आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढले जाते. घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते. आत आलेले भक्ष्य ती चिरडते. शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडे असलेला एक काळा ठिपका असतो. हा खोटा डोळा पाहून हल्लेखोराला डोके कोठे आणि शेपूट कोठे याचा भ्रम पडत असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘ओसेलेटस’ या पदाला या डोळ्याचाच संदर्भ आहे.

हे सारे मी नंतर वाचले. त्यावेळी एवढेच दिसले, की दर दोन-तीन दिवसांनी एखादा छोटा मासा कमी होतो आहे. कंपाउंडरवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली. दीड महिन्यात टाकीत एकटा ऑस्कर उरला आणि तपास आपोआप बंद झाला.

येथे एक गोष्ट आपल्या मंडळींना आवडेल म्हणून नमूद करतो. १८३१ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन करणारे लुई अगासी हे म्युनिकचे एम. डी. होते. आपल्याकडचे मासे जगाला सांगणारेही बहुतांशी वैद्यच. १८२२ साली गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस हॅमिल्टन हे ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक, तर १८७५ ते १८७८ या काळात भारतातील माशांवरचा मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करणारे फ्रान्सिस डे हे मद्रासच्या लष्करी सेवेतील सर्जन. रुग्ण तपासून झाल्यावर उरलेल्या वेळात मासे न्याहाळण्याची परंपरा आपल्या व्यवसायात जुनी आहे; मी तिचा एक आळशी वारसदार.

एक चुकलेले निदान

सहा-सात महिन्यांत ऑस्कर सात इंचांचा झाला. टाकी मात्र तीच, जेमतेम ५५ लिटरांची. एका सकाळी तो नेहमीसारखा पुढे आला नाही. पर अंगाशी मिटलेले, कल्ले लालभडक, श्वासाची गती वाढलेली, आणि पृष्ठभागाशी तोंड उघडझाप चालू. खाद्य टाकले तर तोंडात घेऊन परत थुंकले.

मी काय केले? रुग्णांना जे करू नका म्हणून रोज ओरडून सांगतो, तेच केले. ‘संसर्ग असणार’ असे मनाशी म्हणालो, औषधांच्या कपाटातून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल काढल्या आणि पाण्यात फोडून टाकल्या. तपासणी नाही, इतिहास नाही, निदान नाही, थेट प्रतिजैविक! बरे, औषध तरी विचार करून निवडावे. दुधाबरोबर ही गोळी घेऊ नका, कॅल्शियमशी ती बांधली जाते, हे आपण वर्षानुवर्षे सांगतो. आमच्या बोअरवेलच्या पाण्याने चहाच्या पातेल्यावर पांढरा थर बसतो. अशा कॅल्शियमयुक्त पाण्यात मी तेच औषध विरघळवत होतो. पाणी पिवळे झाले, मासा अधिक मलूल झाला आणि तीन दिवस वाया गेले.

चौथ्या दिवशी मत्स्यपालनाचा जुना अनुभव असलेल्या एका स्नेह्यांना दूरध्वनी केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘पाणी तपासलंत का?’ मी निरुत्तर झालो. ज्याने आयुष्यभर ‘आधी रक्त-लघवी तपासा’ म्हटले, त्याला पाणी तपासण्याची बुद्धी झाली नव्हती. तपासणीचे थेंब आणून पाहिले. अमोनिया भरपूर, नायट्राइटही भरपूर, पीएच ८ च्या आसपास. आजार माशाला नव्हता, पाण्याला होता.

अमोनियाचे गणित

मासा प्रथिनांचे चयापचय करून मुख्यतः अमोनिया बाहेर टाकतो, आणि तोही बहुतांशी कल्ल्यांवाटे. नदीत तो वाहून जातो. टाकीत तो तेथेच राहतो. शिकारी माशाचे खाद्य प्रथिनप्रचुर असल्याने त्याचा अमोनियाही अधिक. पाण्यातील काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट तुलनेने सौम्य असते व पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू फिल्टरमधील स्पंजावर वस्ती करतात आणि ती वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी मात्र दर पंधरा दिवसांनी स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली स्वच्छ धूत होतो. म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या सवयीने दर पंधरवड्याला माशाचे यकृतच काढून टाकत होतो, असे म्हटले तरी चालेल.

आता पीएचचा प्रश्न. पाण्यातील एकूण अमोनियाचा किती भाग मुक्त, म्हणजे विषारी रूपात असेल, हे पीएच व तापमान ठरवतात. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असता हा भाग सुमारे अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला, की तो पाच टक्क्यांवर जातो. आणि पाणी तीस अंशांवर गेले, की सात टक्क्यांपुढे. यकृत निकामी झालेल्या रुग्णाला आपण लॅक्ट्युलोज देतो ते आतड्याचा पीएच उतरावा व अमोनिया आयनरूपात तेथेच अडकावा म्हणून. तोच नियम येथे उलट बाजूने काम करत होता.

बुऱ्हाणपूरकरांना हे कठीण पाणी नवे नाही. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणले गेले. त्या कुंडी भंडाऱ्यात उतरून ज्यांनी भिंतींवरचे चुन्याचे पांढरे थर पाहिले आहेत, त्यांना आपल्या भूजलाचा स्वभाव वेगळा सांगायला नको. प्रेक्षणीय स्थळ म्हणून मी तेथे अनेक पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. त्या भिंतींचा माझ्या टाकीशी काही संबंध असेल, हे मात्र कधी सुचले नव्हते.

नायट्राइटचे प्रकरणही आपल्या ओळखीचेच. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करते. माशांत याला तपकिरी रक्ताचा आजार म्हणतात. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पाण्यात थोडे साधे मीठ टाकले, की त्यातील क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटशी स्पर्धा करून त्याला अडवते. मेथिलीन ब्लू मत्स्यपालकांच्या कपाटातही असते; परंतु ते फिल्टरच्या जिवाणूंना मारक असल्याने वेगळ्या भांड्यातच वापरावे लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवायला सोडियम थायोसल्फेट वापरतात, जे आपण सायनाइडच्या विषबाधेत उतारा म्हणून शिकलो. एका मत्स्यपेटीपाशी औषधशास्त्राची अशी उजळणी होईल, असे वाटले नव्हते.

उपचार साधाच निघाला. रोज चतुर्थांश पाणी बदलणे, क्लोरीन काढणे, चिमूटभर मीठ, आणि चार दिवस संपूर्ण उपवास. पाचव्या दिवशी ऑस्करने कोळंबीचा तुकडा गिळला. त्या दिवशी दवाखान्यात पेढे वाटले गेले. कारण विचारणाऱ्यांना आम्ही ‘एक पेशंट बरा झाला’ एवढेच सांगितले.

तापीकाठचा सल्ला

परंतु मूळ प्रश्न सुटला नव्हता. हा मासा या टाकीत मावणारा नव्हता. एका प्रौढ ऑस्करला किमान चार फूट लांब, दीड ते दोन फूट रुंद व तितकीच उंच टाकी हवी. म्हणजे अडीचशे ते साडेचारशे लिटर पाणी, आणि पाण्याचेच तेवढे किलो वजन. घरात विरोध सुरू झाला. ‘तापीत सोडून द्या, पुण्य लागेल,’ असे दोघा-तिघांनी सुचवले. खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. राजघाटावर कणकेच्या गोळ्या खायला झुंडीने येणारे मासे लहानपणापासून पाहिलेले. त्यांत आणखी एकाची भर. एका रविवारी बादली भरून तयारही ठेवली होती.

शनिवारी संध्याकाळी मधुमेहाच्या तपासणीसाठी नेहमी येणारे एक वृद्ध मासेमार आले. भोई समाजातले, उभा जन्म तापीत गेलेला. टाकीपुढे ते बराच वेळ उभे राहिले. मी सहज म्हणालो, ‘बाबा, उद्या याला तुमच्या नदीत सोडतो.’ ते वळले आणि म्हणाले, ‘डाक्तरसाहेब, तुमचा पाहुणा आमच्या घरात नका घालू. आधीच घरात काही उरलं नाही.’ मग मरळ पूर्वी किती मिळे, शिंगटे केवढाले असत, आणि आता जाळ्यात काय येते, हे त्यांनी सांगितले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. कुटुंबातली गेलेली माणसे आठवावीत तसे ते बोलत होते.

त्या रात्री मी बादली रिकामी केली.

पुढे वाचनात आले, की त्या वृद्धांचे म्हणणे जगभरच्या अनुभवाशी जुळणारे होते. अमेरिकेतील फ्लोरिडात ऑस्कर १९५० च्या दशकापासून नैसर्गिक पाण्यात वस्ती करून आहे. केरळात २०१८ च्या महापुरानंतर अरापैमासारखे परदेशी महाकाय मासे नद्यांत सापडले. आपल्याच राज्यात, भोपाळच्या मोठ्या तलावात, २०२३ साली मगरीसारख्या तोंडाचा उत्तर अमेरिकी ‘ॲलिगेटर गार’ गळाला लागला. तो पोहत आलेला नव्हता. कोणीतरी हौसेने आणला होता आणि झेपेना तेव्हा सोडून दिला होता; कदाचित पुण्य लागेल म्हणूनच. बुऱ्हाणपूरच्या घाटावर सोडलेले खाली चांगदेवच्या संगमापर्यंत, हतनूरच्या जलाशयापर्यंत जाऊ शकते. नदीला तालुका आणि राज्य कळत नाही. शिवाय सोडलेला मासा एकटा जात नाही. अंगावरचे परजीवी व जिवाणूही सोबत नेतो. आपण संसर्गाची साखळी तोडायला शिकलेली माणसे. ती सुरू करणे आपल्या हातून होऊ नये.

मोठी टाकी आली. ती तळमजल्यावर, भक्कम लोखंडी घोडीवर बसवली. ऑस्करला तीत हलवले तेव्हा तो तळाशी चक्क आडवा पडला. सर्वांना वाटले, संपला. स्नेही फोनवर हसले. ‘रुसलाय, दोन दिवस बोलू नका,’ म्हणाले. जागा बदलली, की हा मासा असा आडवा पडतो. खरोखरच तिसऱ्या दिवशी तो उठला आणि खडे तोंडाने उचलून आपल्या मनासारखी मांडामांड करू लागला.

आपल्या हवेतला सांभाळ

ज्यांना हा छंद करावासा वाटेल त्यांच्यासाठी चार अनुभवाचे शब्द.

ऑस्करला चोवीस ते अठ्ठावीस अंशांचे पाणी मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. पाणी तापले, की त्यातील प्राणवायू घटतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसात. ऑस्कर चयापचय मंदावून अत्यल्प प्राणवायूतही काही तास तग धरतो, हे खरे. परंतु फिल्टरमधील जिवाणूंना ती कला अवगत नाही. वीज गेली, प्रवाह थांबला, की ते मरू लागतात. म्हणून उन्हाळ्यात हवेचा पंप इन्व्हर्टरवर ठेवावा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला, तर कूलरच्याच तत्त्वाने पाणी दोन-तीन अंश उतरते. बाष्पीभवनाने घटलेले पाणी केवळ वरून भरत राहिल्यास क्षार साठत जातात. म्हणून दर आठवड्याला चतुर्थांश पाणी काढून नवे घालणे अटळ आहे. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात.

आहाराविषयी मोठा गैरसमज आहे. शिकारी मासा म्हणून त्याला जिवंत गोल्डफिश घालण्याची हौस अनेकांना असते. ती पाहणाऱ्याची करमणूक आहे, माशाचे पोषण नव्हे. त्यातून रोग येतात. शिवाय गोल्डफिश व कार्प कुळातील माशांत थायमिनेज असते, जे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. १९३० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटातील चॅस्टेक यांच्या फार्मवर कच्ची कार्प खाऊन रुपेरी कोल्ह्यांना पक्षाघात झाला. तो आजार त्याच नावाने ओळखला जातो, आणि बेरीबेरी शिकलेल्या आपल्याला तो समजावून द्यावा लागत नाही. बकऱ्याचे काळीज-कलेजी घालणेही टाळावे. सस्तन प्राण्यांची चरबी माशाला पचत नाही व यकृतात साठते. चांगल्या प्रतीची दाणेदार गोळी हा मुख्य आहार, अधूनमधून कोळंबी, गांडूळ, सोललेला मटार. आठवड्यातून एक दिवस उपवास. आमच्याकडे तो गुरुवारी असतो, मालक-मासा दोघांचाही.

डोक्यावर बारीक खड्डे पडू लागले, तर मेट्रोनिडॅझोलकडे धावण्यापूर्वी पाणी व आहार पाहावा. बहुतेक वेळा कारण तेथेच असते.

आणि शेवटची गोष्ट आपल्या रुग्णांविषयी. बोटावर वा मनगटावर बरी न होणारी गाठ अथवा व्रण घेऊन कोणी आले, तर ‘घरी मासे आहेत का?’ हा प्रश्न विचारायला विसरू नका. १९२६ साली ॲरन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मृत माशांत मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा क्षयाच्या जिवाणूचा चुलतभाऊ शोधला. तो जखमेतून त्वचेत शिरतो. तीस ते बत्तीस अंशांना तो वाढतो, त्यामुळे नेहमीच्या सदतीस अंशांच्या संवर्धनात सापडत नाही; प्रयोगशाळेला आधी सांगावे लागते. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये, आणि नळीने पाणी तोंडाने ओढू नये, हे मी आता फलकावर लिहून ठेवले आहे.

पाण्याची वही

टाकीशेजारी एक वही टांगलेली आहे. तारीख, तापमान, अमोनिया, नायट्राइट, पीएच, किती पाणी बदलले, काय खाल्ले. आजाराच्या त्या आठवड्यापासून एकही खाडा नाही. सुरुवातीची पाने माझ्या अक्षरात आहेत, मधली मुलाच्या. तो शिकायला बाहेरगावी गेला, तेव्हापासून पुन्हा माझ्या. औषध मात्र टाकीत पुन्हा पडलेले नाही. ताप आलेल्या मुलाचे पालक ‘लगेच अँटिबायोटिक लिहा’ म्हणून बसतात, तेव्हा कधीकधी मी त्यांना ती वही दाखवतो आणि माझी टेट्रासायक्लिनची गोष्ट सांगतो. बहुतेकांना ती पटते.

ते वृद्ध मासेमार दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत तपासणीला आले, की आधी टाकीपुढे उभे राहत आणि ‘पाहुणा बरा आहे ना?’ विचारत. पाहुणा बरा आहे. वय झाले आहे, रंग थोडा फिका पडला आहे, हालचाल मंदावली आहे. माझेही तसेच. दोघांत आधी कोण थकेल ते सांगता येत नाही. म्हणून माझ्यामागे टाकी कोणी न्यायची हे याच संस्थेतील एका बालरोगतज्ज्ञ मित्राशी बोलून ठेवले आहे. त्यांनी होकार दिला आहे आणि घरातली जागाही मोजून ठेवली आहे.

आपल्यापैकी कोणास असा मासा आणावासा वाटला, तर आधी दुकानात जाऊ नये. एखाद्या सकाळी आठ वाजता आमच्या दवाखान्यात यावे. तेव्हा रुग्ण नसतात, चहा गरम असतो, आणि ऑस्करच्या न्याहारीची वेळ असते. टाकी पाहावी, वही चाळावी आणि मगच काय ते ठरवावे.